हात थांबले की

"मॅडम, या गोळ्या मी आता घेणार नाय. अंगात जीवच राहत नाय." हर्षलाने अर्धी पट्टी टेबलावर ठेवली.

मी डहाणूत समुपदेशनाचं काम करते. हर्षला (नाव बदललं आहे) बोंबील सुकवणाऱ्या घरातली सून. तिला स्किझोफ्रेनिया आहे. म्हणजे तिला समोर नसलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो. गोळ्यांनी तो कमी झाला होता, गेला नव्हता. थकवा मात्र खरा होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोस बदलला, फरक थोडाच पडला. माझ्या धाकट्या भावाने अशाच थकव्यापायी गोळ्या सोडल्या होत्या. तो आता नाही. मी ती पट्टी उचलून उरलेल्या गोळ्या मोजल्या.

मी तिला पेसिंग शिकवलं होतं. दमून पडण्याआधीच थांबायचं, थोडं बसायचं, मग पुन्हा काम. ती मान डोलवायची आणि घरी गेल्यावर थांबायचीच नाही. एक आठवडा गोळ्या चालू ठेव, एवढं कबूल करून घेतलं आणि होम व्हिजिटला गेले.

घरासमोरच्या किनाऱ्यावर ती दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून बांबूवर टांगत होती. भरभर, न थांबता.

"आमची सून म्हणजे बोटीचं इंजिन," सासूबाई म्हणाल्या. "बंद पडली की मग ओढूनच न्यावी लागते."

जाऊ सुनंदा हसली. हर्षला हसली नाही. बसलीस की काय होतं, असं मी तिला विचारलं. तिने आणखी एक जोडी बांबूवर टांगली.

"हात थांबले की तो बोलतो. ये म्हणतो. पाण्यात."

ओहोटी होती, तरी समुद्र मला फार जवळ वाटला.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. तोवर तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, हे घरच्यांना दोनदा सांगितलं. मग विश्रांती नव्याने आखली. बसायचं, पण पाण्याकडे पाठ करून, हातात सुतळी घेऊन, सुनंदाजवळ. सुनंदाने बोलत राहायचं.

"काय बोलू?"

"काहीही."

"मग हिच्या नवऱ्याबद्दलच बोलते. विषय संपायचा नाय."

हर्षला बसली. थोड्या वेळाने सुतळीवरची बोटं थांबली, मान पाण्याकडे वळू लागली. मी जागेवरून उठले.

सुनंदाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आला काय गो?"

"आलाय," हर्षला म्हणाली. "पण तुझा आवाज मोठा हाय."

पुढे औषध बदललं. थकवा गेला नाही, कमी झाला. गोळ्या ती घेते. बसतेही, अजून एकटी नाही.

थकलेल्या माणसाला विश्रांती सांगण्याआधी, विश्रांतीत त्याला काय भेटतं ते मी आता विचारते.