धुरपतामावशी बाजूला बसल्या

धुरपतामावशी नव्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याचं अंग चाचपायच्या. आखाडा बाळापूरला बँकेत नोकरी लागली म्हणून मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले, तेव्हा माझा दंड दाबून त्या म्हणाल्या, "तुला बाजारात नेली तं परत घिऊन यावं लागंल, बाई." घरी शेळ्या होत्या. पाठीवरून हात फिरवून चरबी किती हे त्या सांगत, आणि माणसांनाही तोच हात लागे. स्वतः चांगल्या भरलेल्या होत्या, त्याचा अभिमानही होता. "अंगावर असलं म्हंजे घरात असलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

खोली मी घेतली. उन्हाळ्यात अंगणात पापड लाटणं चाललं होतं. एरवी पिठाला दुसऱ्याचा हात लागू न देणाऱ्या मावशी त्या दिवशी लिंबाखाली पोत्यावर बसून नुसते हुकूम सोडत होत्या. मी जवळ गेले, तर हळूच म्हणाल्या, "बाजूला बसले. कवाची बंद झालती, आता परत येऊन राहिली. तुजा काका म्हातारा झाला अन् मी तरणी व्हायले!" त्या खरंच खूश होत्या. पाळीत पापडाला शिवायचं नाही, म्हणून आयती विश्रांतीही मिळाली होती.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. शरीराचे हे शब्द मला मराठीत येत नव्हते, आणि इंग्रजीतले मी कधी मोठ्यानं उच्चारले नव्हते. संध्याकाळपर्यंत वाक्य जुळवत राहिले. मग शेळ्यांना पाला टाकणाऱ्या मावशींना गाठून म्हणाले, "बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं चांगलं नसतं, मावशी. कधी कधी पिशवीचा कॅन्सर असतो. डॉक्टरांना दाखवू या."

मावशींचा हात थांबला. "एवढं लांबलचक तू पयल्यांदाच बोललीस. म्हंजे मोठीच तकलीफ दिसून राहिली."

हिंगोलीच्या डॉक्टरबाईंनी पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला आणि नीट समजावलं. पाळी गेली की अंडाशयाचं काम जवळजवळ थांबतं, पण चरबी इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन बनवत राहते. चरबी जास्त असली की हार्मोनही जास्त. त्यानं अस्तर वाढत जातं, आणि तसंच वाढत राहिलं तर त्यात कॅन्सर होऊ शकतो.

"म्हंजे चरबी नुसती बसून न्हाई? काम करून राहिली?" मावशींनी विचारलं.

"रात्रंदिवस."

"अन् मी तिला कणगीतलं धान समजत व्हते! लई चरबी चढली की शेळी गाभण ऱ्हात न्हाई, ते आमाला म्हाईत हाय. आपल्या पोटातबी ती खोड्या करती, हे कुनाच्या ध्यानात येतंय?"

रिपोर्ट येईपर्यंत मावशींनी कुणालाच चाचपलं नाही.

"कॅन्सर नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अस्तर जाड झालंय. गोळ्या घ्या, वजन उतरवा आणि मी सांगेन तेव्हा पुन्हा तपासायला या." मावशींनी शहाण्यासारखी मान हलवली. बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि मला विचारलं, "आता रडले तं चालंल ना?" पोटभर रडल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "चल, भूक लागली. भजे नको पन."

आता त्या हे सगळं पोटात ठेवतील, असं मला वाटलं. पण बचत गटाच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि अथपासून इतिपर्यंत सांगून मोकळ्या झाल्या. मला जमिनीत शिरावंसं झालं. बायका पदराआड हसल्या. "हसा," मावशी म्हणाल्या, "पन कुनाची परत आली आसंल तं माज्यासारखं खूश व्हऊन बसू नका."

बैठक उठली. शेजारच्या चंद्रभागाकाकू मात्र चपला शोधल्यासारखं करत मागे रेंगाळल्या आणि मावशींकडे न जाता माझ्यापाशी आल्या.

"पोरी, ती डाक्टर बाईमानूसच हाय ना?"

"हो," मी म्हणाले. "उद्या मी येते तुमच्याबरोबर."