दुसऱ्यांदा चमकलेला तारा

बाबा गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून पुण्यातलं संशोधन मी नाशकात आणलं. सातपूरच्या आमच्या दोन खोल्या, एक कॉम्प्युटर आणि अधूनमधून कुरियरने येणाऱ्या सीडी. त्यांत असंख्य ताऱ्यांच्या उजेडाच्या नोंदी असत. शेजारणींना वाटे, पोरीला कुणी कामावर ठेवत नाही. वाटू दे!

काम समजावून सांगताना माझी चिडचिड व्हायची, पण आई सोडते होय? "विश्वात न दिसणारं पुष्कळ काही आहे, आई. ते म्हणजे कृष्णविवरं असली, तर एखादं कधीतरी लांबच्या ताऱ्यासमोरून जाईल. त्याच्या ओढीने उजेड वळेल, तारा काही आठवडे जास्त चमकेल, मग होता तसा. एकदाच. पुन्हा चमकला तर समजायचं, तो आपला आपणच कमीजास्त होतोय. मग माझी सगळी मेहनत पाण्यात."

माझ्याकडे असा एकदा चमकून गेलेला एकच तारा होता. सगळी पीएचडी त्याच्यावर.

आईने सप्तशृंगीला नवस बोलून टाकला : "माझ्या लेकीचा तारा परत चमकू देऊ नकोस, गडावर येऊन तुझी ओटी भरीन." मी कपाळावर हात मारला. "अगं, तो उजेड तिकडून केव्हाच निघालाय! देवी काय करणार आता?"

"तू तुझं बघ, मी माझं बघते."

सीडी आली की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "चमकला नाही ना?"

"नाही."

"बरं झालं बाई."

त्या थंडीत आई गेली. तेराव्यानंतर सीडी आली. तारा चमकला होता, पहिल्यासारखाच. "आई, मेला चमकला गं!" मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. मग तिथेच बसून हमसून हमसून रडले. ताऱ्यासाठी नव्हे. घरात इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात गडावर गेले. पायऱ्यांपाशी खण-नारळ घेतला. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "नवसाचं का, ताई? ऐकलं ना देवीनं?"

"नाही ऐकलं."

"अगं बाई! मग ओटी कशाला?"

"आईने कबूल केलं होतं, येईन म्हणून."

"मग आई कुठं हाय?" त्यांनी माझ्या मागे बघितलं.

मीही वळून बघितलं.