काचेतली राधा

फोटो स्टुडिओ चालवला की किस्से आपोआप साठतात. निगेटिव्ह निदान पाकिटात घालून त्यावर नंबर टाकता येतो, किस्स्यांची तीही सोय नाही! एक सांगायला घेतला की मागचे चार हजर. माझ्याकडचे बरेचसे दुसऱ्यांना हसायचे आहेत. गणपतचे मात्र तसे नाहीत. त्यांत हसण्यासारखा मी एकटाच, आणि खरं सांगायचं तर मला अजून तोंड लपवावंसं वाटतं.

*

एक्क्याऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. रत्नागिरीत माझा छोटा स्टुडिओ होता. हातखंब्याच्या पलीकडच्या वाडीतलं एक नमन मंडळ हँडबिलासाठी फोटो काढायला आलं. नमनाच्या खेळात बायकांची कामं पुरुषच करतात. यांची राधा म्हणजे गणपत. एरवी भातशेती करणारा, दोन मुलांचा बाप. पडद्यामागून नऊवारी नेसून, अंबाडा घालून तो बाहेर आला आणि मी नकळत खुर्ची पुसली!

तरी शहाणपणा सुटतोय थोडाच! म्हटलं, "गणपतराव, जरा लाजा की!"

"कोनापुढं लाजू? तुमच्यापुढं?" तो म्हणाला. "राधा किसनापुढं लाजते. आमचा किसन भायेर विडी ओढतोय. तेला बोलवा, मंग बघा!"

किसन आला, तो विडी पाठीमागे लपवत. त्यामुळे त्या फोटोत राधा रुसलेली आली आहे.

*

मग मी रिटचिंगची पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर बसलो. गळ्यावरचा कंठमणी उडवला, मनगटाच्या शिरा उडवल्या, जबडा गोल केला. स्वतःवरच खूश!

गणपतने प्रिंट उजेडात धरून बघितली. "भाऊ, माजा गळा कुठं गेला?"

"अहो, बाई वाटायला नको का?"

"मी बापया हाय ह्ये समद्यांना ठाव असतंय. तरीपन तेंना राधा दिसते. ती माजी मेहनत. तुमी ती पेन्सिलीनं पुसलीत."

 आणि तरीही मी तीच पुसलेली राधा मोठी करून दर्शनी काचेत लावली. फोटो छान आला होता ना!

*

एक दिवस सावर्ड्याकडच्या एक बाई काचेसमोर थबकल्या. मुलगा मुंबईला नोकरीत, लग्नाचा. "ही मुलगी कोणाची हो?"

शेजारचा वसंता टेलर माझ्याच काउंटरला टेकून उभा होता. त्याने डोळा मारला. मी स्टुडिओच्या पाकिटावर गणपतचा पत्ता लिहून दिला! पुढे आठवडाभर आम्ही दोघं त्यावर हसत होतो.

बाई खरंच गेल्या. भावाला घेऊन, नारळ आणि खण घेऊन. गणपत शेतातून गुडघाभर चिखलात आला. फोटोतली मुलगी म्हणजे हाच, हे कळल्यावर बाईंना रडू फुटलं. गणपतच्या बायकोने, सुलोचनाने, त्यांना गूळपाणी दिलं आणि म्हणाली, "नाक-डोळं बरोबर वळखलंत हो. पन तिचं लगीन माज्याशी झालंय!"

सगळी वाडी हसली. गणपतच्या मोठ्या भावाचं मुंबईहून पत्र आलं, 'ही बायकी थेरं बंद कर.' गणपतने मिशा वाढवल्या. मंडळाला राधा उरली नाही.

मी काय केलं? काचेतला फोटो गुपचूप काढून ड्रॉवरमध्ये टाकला. माफी मागायला जायचं धैर्य झालं नाही.

*

हातखंब्याला एकदा एसटीची वाट बघत होतो. समोरून मिशीवाला गणपत येताना दिसला. मी चटकन वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. तो जवळ आला, थांबला.

"भाऊ, पेपर उलटा हाय."

आणि आलेल्या गाडीत चढून गेला. माझी गाडीही तीच होती. मी ती सोडली.

*

पुढच्या शिमग्याच्या, म्हणजे नमनाच्या हंगामाच्या, आधी, भर दुपारी, नवराबायको स्टुडिओत हजर. सुलोचनाच्या हातात बोचकं.

"फोटो काढायचाय. जोडीनं," ती म्हणाली.

मी दोन खुर्च्या मांडल्या. तिने गणपतला आरशापुढे बसवलं, बोचक्यातून वस्तरा काढला आणि म्हणाली, "जल्ली मेली ती मिशी!" पाच मिनिटांत मिशी गेली. मग तिने त्याला स्वतःचा लग्नातला शालू नेसवला, कुंकू लावलं.

"वहिनी, जोडीचा फोटो म्हणालात ना?"

"ह्यांच्यासंगं लग्नातला हाय माज्याकडं. हिच्यासंगं नाय."

मला राहवेना. "वहिनी, त्या वेळी मी फार वाईट..."

"तुमी मागनं लाजा. आधी फोटो काढा."

ती शेजारी उभी राहिली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी काहीही सांगितलं नव्हतं. गणपतने तिच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मी बटण दाबलं.

"पेन्सिल लावू नका," तो म्हणाला.

सुलोचना दारातून वळली. "आनि ह्यो काचेत लावा. आता कोन मागनी घालाया येतंय, ते मी बघते!"