लाल किल्ल्यासमोर आलेला फोन

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, शिरूर कासारपासून आठ-नऊ कोसांवर. गावची अंगणवाडी मी चालवते. ज्याच्याबद्दल सांगणार आहे तो माझा चुलत भाऊ. माझ्याहून सात वर्षांनी लहान. मुळाक्षरं त्याला मीच पाटीवर गिरवून दिली होती. पुढे तो सरपंच झाला, पांढरे कपडे घालायला लागला, तरी घरी आला की ओट्यावर बसून म्हणायचा, "अक्का, च्या टाक."

पोळा होऊन गेल्यावर तो असाच आला. म्हणाला, "गावातल्या बायांना दिल्ली दाखवायची हाय. वर्षानुवर्षं कारखान्यांचे फडच बघतात बिचाऱ्या. एकदा लाल किल्ला बघू द्या की." मला भरून आलं. आमच्या बायका दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात त्या उन्हाळ्यातच परततात. कुणी त्यांच्यासाठी असं काही मनात आणेल असं वाटलं नव्हतं.

त्याने चार मोठी कोरी पानं दिली. डाव्या बाजूला नुसते आकडे घातलेले, वरचा भाग मोकळा. "रेल्वेच्या यादीला सह्या लागतात. तू म्हणलीस तर बाया ऐकतील."

बाया ऐकल्या. मी दारोदार फिरले. पहिली सही माझी. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा अंगठा मी हाताने धरून शाईत बुडवला. बत्तीस जणी झाल्या. सगळ्यांत थोरली होती शेळ्यावाली म्हातारी. नवरा गेलेला, लेक नांदूरघाटला दिलेली. तिच्या चौदा शेळ्या गायरानावर चरायच्या. गायरान म्हणजे गावाची सामाईक चराई. जिला शेत नाही तिचा सगळा आधार तोच. शेळ्या शेजारणीकडे सोडून ती आमच्याबरोबर निघाली.

नगरहून गाडीत बसलो. बरोबर भावाचा एक कार्यकर्ता होता. तो आमचे फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकत राहायचा.

पहिल्या दिवशी सकाळीच कुतुबमिनार पाहिला. म्हातारी मान मागे टाकून किती तरी वेळ बघत राहिली. "मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना माझं डोस्कं गरगरायचं. ही माणसं एवढं वर कशी चढली असतील गं?" तिथून इंडिया गेटला गेलो. भिंतीवर कोरलेली नावं मी अडखळत वाचून दाखवली. संसद बसमधूनच दिसली. एकीने हात जोडले आणि विचारलं, "समदं हितंच ठरतं व्हय?" मी शिकलेल्या बाईच्या तोऱ्यात म्हणाले, "हितंच."

रस्त्याकडेला अकरा माणसं एकामागे एक चालली आहेत असा मोठा पुतळा लागला. बायका हसायला लागल्या, "ही तर टोळी निघाली तोडीला." त्या दिवशी मी त्यांना जितकं हसताना पाहिलं तितकं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाल किल्ल्यासमोर रांगेत उभ्या होतो तेव्हा नवऱ्याचा फोन आला.

"आज शाळेत ग्रामसभा झाली," ते म्हणाले. "गायरान सोलारवाल्याला द्यायचा ठराव झाला."

"असा कसा झाला? आमी बाया तर हितं हावोत."

"काल बायांची सभा झाली आन् त्यांनी मंजुरी दिली, असं वाचून दाखवलं. सह्या हायत बत्तीस. पयली तुझी."

रांग पुढे सरकत होती. मागची बाई मला ढकलत होती, "चल की." मी आत गेले. किल्ल्यात काय पाहिलं ते मला आजही सांगता येत नाही. बाहेर आल्यावर हिरवळीवर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. म्हातारीने एवढंच विचारलं, "मंग शेळ्या कुठं चारायच्या?"

गावात पोचल्यावर मी थेट त्याच्या घरी गेले.

"कावून केलंस असं?"

"गावाच्या भल्याचंच हाय, अक्का. आन् दिल्ली दाखवली न्हाई का? शब्द पाळला मी."

"ती पानं रेल्वेची म्हणाला होतास."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सह्या तू गोळा केल्यात. मी कुणाच्या दारात गेलो न्हाई."

बाहेर येऊन मी त्याच्या ओसरीच्या पायरीवर टेकले.

मग आम्ही जिल्ह्याच्या साहेबांकडे अर्ज केला. त्याच्याच माणसाने ग्रुपवर टाकलेले फोटो कामाला आले. बायांच्या सभेच्या तारखेला बत्तीसच्या बत्तीस जणी कुतुबमिनारपाशी उभ्या होत्या. साहेबांनी फोटो पाहिले, सभेची वही पाहिली आणि ठराव रद्द केला. पुन्हा रीतसर सभा घ्या म्हणाले. बायकांनी तिथल्या तिथे एकमेकींना धरलं. मलाही वाटलं, धुतलं गेलं.

सभा लागली ती दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. तोवर टोळ्या निघून गेल्या होत्या. बत्तिसांतल्या पाच जणी गावात उरलेल्या. आम्ही विरोधात हात वर केले, ते मोजले गेले, कमी पडले, आणि ठराव मंजूर झाला. या वेळी सगळं कायद्याने झालं. भाऊ समोर टेबलाशी बसला होता. एकदाही त्याने नजर चुकवली नाही.

माघात गायरानाला तारेचं कुंपण पडलं. म्हातारीने शेळ्या विकल्या आणि ती लेकीकडे गेली.

उन्हाळ्यात मी तिला भेटायला नांदूरघाटला गेले. ती बाजेवर बसून शेंगा फोडत होती. मी रडत रडत म्हणाले, "मला ठाऊक न्हवतं गं."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "तुझा भाऊ पुढारी हाय, त्याचं काय वाटत न्हाई. पर अंगठा तुझ्यासाठी दिलता मी. त्याच्यासाठी न्हाई."

तिने लेकीला चहा ठेवायला सांगितला. चहा पिऊन, तिच्यासोबत थोड्या शेंगा फोडून, मी दुपारच्या एसटीने परत आले.