तेवीस किल्ले आणि एक जास्तीचं बोट

आमचे हे इतिहास सांगतात. प्राध्यापक वगैरे नाहीत हो. गोपाळकृष्ण लेले, विमा कंपनीच्या दावे विभागातून सहा वर्षांपूर्वी निवृत्त, मुक्काम कोथरूड, तिसरा मजला. ‘आयुष्यभर लोकांचे खोटे दावे तपासले, म्हणून निवृत्तीनंतर इतिहास तपासायला घेतला,’ असं ते चारचौघांत म्हणतात. साफ खोटं! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरच्या एसटीत या माणसाने मला वाई येईपर्यंत नाना फडणवीसांची नऊ लग्नं क्रमाने सांगितली होती. माझ्या हातावरची मेंदी अजून ओली होती म्हटलं तरी चालेल. मी खिडकीतून बाहेर बघत बसले आणि मनात म्हटलं, नीरजा, फसलीस.

बरं, सांगायची तऱ्हा तरी सरळ असावी की नाही? नाही. यांच्या इतिहासातली सगळी माणसं आमच्याच सोसायटीत राहिल्यासारखी बोलतात. एकदा बेसिनचा पाइप तुंबला म्हणून प्लंबर आला. यांनी त्याला औरंगजेब सांगायला घेतला. ‘अरे, दोन-चार वर्षांत आटपून परत जाऊ म्हणून आला दख्खनला. राहिला पंचवीस वर्षं! दिल्लीहून घरचे विचारतायत, कधी येताय? हा म्हणतो, हे एवढं एक काम झालं की निघालोच. शेवटी नगरलाच गेला बिचारा.’ प्लंबर पाना खाली ठेवून हसतोय, आणि माझ्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी! सोसायटीच्या वार्षिक सभेत उभे राहून म्हणाले, ‘पेशव्यांनी पावणेतीनशे वर्षांपूर्वी कात्रजचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. आपल्या सेक्रेटरींना ते खालच्या टाकीतून तिसऱ्या मजल्यावर आणता येत नाही. म्हणजे मधल्या काळात नेमकी प्रगती कशाची झाली?’ पुढचे दोन महिने सेक्रेटरी जिन्यात आमच्याशी बोलत नव्हते. पाणी मात्र आलं, ते कबूल करायला हवं.

आणखी एक कबूल करायला हवं. यांच्या तोंडून सन, तिथी, माणसाचं नाव कधी चुकत नाही. चेष्टा हवी तेवढी, पण तपशील चोख. आणि दुसऱ्या कुणी चुकीचं सांगितलं तर यांच्या अंगावर पाल पडते. गणपतीतल्या एका व्याख्यानात वक्त्याने पानिपताचं साल एका वर्षाने चुकवलं, तर हे मागच्या रांगेतून ओरडले, ‘एकसष्ट!’ माझी मान खाली गेली ती घरी येईपर्यंत वर झाली नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं. पण कर्वेनगरच्या स्थळाचं जे केलं ना, ते नाही.

आमची मुलगी ऋचा. दोन वर्षांपूर्वी कर्वेनगरचं एक स्थळ घरी आलं. मुलगा बरा होता, घर बरं होतं, कांदेपोहे खाऊन झाले होते. मुलाचे वडील अभिमानाने म्हणाले, ‘आमचे पूर्वज दुसऱ्या बाजीरावांबरोबर असायचे, अगदी शेवटपर्यंत.’ आमच्या ह्यांनी चहाचा घोट घेतला आणि अगदी आपुलकीने विचारलं, ‘म्हणजे पळताना पुढे की मागे?’

पाहुणे पाच मिनिटांत उठले. ऋचा आत जाऊन पोट धरून हसली, कारण तिला तो मुलगा मुळात आवडलाच नव्हता. मी मात्र आठवडाभर यांच्याशी फक्त वाटी-चमच्याच्या आवाजात बोलले.

या वेळी तसं नव्हतं. या वेळी ऋचानेच मुलगा आणला होता. समर्थ. हडपसरच्या आयटी पार्कात तिच्याच ऑफिसात. त्याचं घर मूळ हडपसरचंच, शेतकऱ्यांचं. निम्मी जमीन शहराने गिळली, उरलेल्या दोन एकरांत वडील संभाजीराव अजून हट्टाने कोबी लावतात. माणसं चांगली, पण आमच्याकडे पहिल्यांदाच येणार, आणि घरात शेवटचा शब्द समर्थच्या आजीचा, आनंदीबाईंचा. आजी हो म्हणाल्या तर हो. ऋचा मला म्हणाली, ‘आई, प्लीज, त्या दिवशी बाबांना म्यूट कर. मला हे लग्न हवंय गं.’ शेवटच्या वाक्याला तिचा आवाज कापला.

मी ह्यांना समोर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, ‘पाहुणे दारात आल्यापासून जिना उतरून जाईपर्यंत इतिहासाचा एक शब्द नाही.’

‘म्हणजे तह करू म्हणतेस,’ हे खूश. कागद आणला, वर ‘कोथरूडचा तह’ असं झोकदार अक्षरात लिहिलं. ‘हे बघ, पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले, पण बारा राखले. मला बारा विषय तरी राख.’

‘एकही नाही.’

‘निदान पेशवाई?’

‘पेशवाईनेच घात केलाय मागच्या वेळी.’

‘मिर्झाराजे जयसिंग तुझ्यापेक्षा मऊ होते,’ असं पुटपुटत त्यांनी सगळं लिहिलं. मी सही केली, ऋचा साक्षीदार. कागद फ्रिजवर लावला. आता यांची नोकरी विम्यातली हे मी विसरले आणि खालचं बारीक अक्षर वाचलंच नाही. ते पुढे कळलं.

रविवारी सकाळी अकराला पाहुणे आले. नेमकी लिफ्ट बंद. सत्त्याहत्तर वर्षांच्या आनंदीबाई दोन गुडघे आणि एक काठी घेऊन तीन जिने चढून आल्या. दारात उभ्या राहून दम खाल्ला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, ‘गोष्टी सांगनारे त्ये कुठं हायेत?’

मी जीभ चावली. समर्थने घरी जाऊन काय काय सांगितलं होतं देव जाणे! हे पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, ‘या, बसा.’ बस्स. पुढे काही नाही.

मी मटारच्या करंज्या आणल्या. संभाजीराव म्हणाले, ‘समर्थ सांगत व्हता, तुमाला इतिहासाचा लई नाद हाय.’

‘थोडासा.’

‘आमच्यापासून दिवेघाट किती जवळ. कितीदा फौजा उतरल्या असतील तिथनं, न्हाई का?’

आता हे असं वाक्य कुणी यांच्यापुढे टाकलं की एरवी दीड तास निश्चिंती. हे म्हणाले, ‘असतील. करंजी घ्या.’

आनंदीबाई पुढे सरकल्या. ‘त्या शास्ताखानाचं सांगा की. पोरगं म्हनतंय, तुमच्या गोष्टी ऋचा सांगती तवा आख्खं हापिस हसतंय.’

‘विशेष काही नाही त्यात,’ आमचे हे म्हणाले, आणि पंख्याकडे बघत बसले.

संभाजीरावांनी अर्धी करंजी बशीत परत ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. हळूच म्हणाले, ‘न्हाई, बरोबर हाय. आमी पडलो शेतकरी. आमच्यासंगं काय बोलायचं म्हना इतिहासातलं.’

अहो, माझ्या कानशिलाला आग लागली! आम्ही माणसांना कमी लेखतो असं वाटलं त्यांना. ऋचाने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले. समर्थ खाली बघून बोटं मोडत होता. जे वाचवायला मी तह केला, तेच माझ्या तहाने बुडायला लागलं होतं.

‘अहो, जरा आत या, चहाचं बघा,’ म्हणत मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं. ‘बोला काहीतरी! खान सांगा, औरंगजेब सांगा, नाना सांगा, नऊच्या नऊ लग्नं सांगा!’

ह्यांनी फ्रिजवरच्या कागदाकडे बोट केलं. ‘कलम चार. उभय पक्षांच्या लेखी संमतीशिवाय हा तह मोडता येणार नाही.’

‘खड्ड्यात गेलं कलम चार!’

तेव्हा हे माझ्याकडे वळले, आणि चेहऱ्यावर चेष्टा अजिबात नव्हती. ‘नीरजा, मला नाही जमणार. मागच्या वेळी मी तोंड उघडलं आणि माणसं उठून गेली. तेव्हा ऋचा हसली. आज माझ्यामुळे रडली, तर मला सहन होणार नाही. माझी जीभ कुठे घसरेल ते मलाच आधी कळत नाही.’

मला एकदम भरून आलं. चौतीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा बोलायला घाबरला होता, आणि तो मी घाबरवला होता. पण बाहेर पाहुणे ताटकळले होते. भरून येऊन भागण्यासारखं नव्हतं. मी पदर खोचला, चहाचा ट्रे यांच्या हातात दिला आणि बाहेर येऊन आनंदीबाईंच्या समोर बसले.

‘आजी, खानाचं मी सांगते.’

‘तुमी?’

‘मीच. शास्ताखान म्हणजे कोण, तर औरंगजेबाचा सख्खा मामा. भाच्याने दख्खनला धाडला. आला पुण्यात, आणि उतरला कुठे? लाल महालात. घरमालक गडावर गेलेत, घर दिसतंय ऐसपैस, शिरला आत. बरं, पाहुणा किती दिवस राहावा? हा तीन वर्षं हलेना! जाण्याचं नाव नाही. आजी, तुमच्याकडे कधी असा कुणी राहिला?’

‘आमच्या नंदेचा दीर,’ आनंदीबाई तत्काळ म्हणाल्या. ‘पन तीन म्हैने.’

‘बघा. तर महाराजांनी ठरवलं, आता आपणच जाऊन घर रिकामं करू. रमजानचे दिवस. दिवसभराचा उपवास, रात्री भरपेट जेवून सगळे गाढ. महाराज शिरले कुठून माहिताय? स्वयंपाकघरातून! स्वयंपाकघरातून आत जायची वाट खानाच्या माणसांनी विटांनी बुजवून ठेवली होती. ज्याने कुणी ती बुजवली ना, त्याला स्वयंपाकघराची किंमत कळली नव्हती. माणसं विटा काढतायत, खुटखुट चाललीय. कुणीतरी जाऊन खानाला उठवलं, आत काहीतरी आवाज येतोय. नाव काही मला माहीत नाही, पण सांगायला गेलेली बाईच असणार. आणि खान काय म्हणाला? पहाटेच्या जेवणाला आचारी उठले असतील, झोपू दे मला! घरातल्या बाईचं ऐकायचं नाही, ही खोड तेव्हापासूनची.’

संभाजीराव मोठ्याने हसले. हे स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभे होते. माझं बोलणं ऐकून त्यांचे डोळे असे झाले होते, की मला वाटलं कप खाली येतात. एकेक वाक्य त्यांचंच होतं. मसाला थोडा माझा.

‘मग विटा निघाल्या, धावाधाव, अंधार, किंचाळ्या. खान खिडकीकडे पळाला, महाराजांनी वार केला आणि खानाची चार बोटं...’

‘तीन!’

ट्रे दाणकन टेबलावर आला. ‘तीन, नीरजा, तीन! चार कुठली? चौथं कुठून आणलंस? चौतीस वर्षं माझ्या घरात राहून चार? आजी, हिचं ऐकू नका. एप्रिल सोळाशे त्रेसष्ट, बोटं तीन! आणि पुढचं ऐका. भाच्याने मामाची बदली केली बंगालला. आमच्या कंपनीत कुणी दावा बुडवला की त्यालाही अशीच लांबची बदली मिळायची...’

आणि सुटले. तहाला, कलमाला, कुणालाच आवरले नाहीत. ऋचा हसता हसता रडायला लागली आणि तिने उठून फ्रिजवरचा कागद आजींच्या हातात दिला. समर्थने तो आजीला मोठ्याने वाचून दाखवला. कलम चारला संभाजीरावांना ठसका लागला. त्यांनी बशीतली अर्धी करंजी उचलून संपवली आणि आणखी दोन मागून घेतल्या. मला तिथेच कळलं, की जमलं.

आनंदीबाईंनी कागदाची घडी केली. म्हणाल्या, ‘पोरगी आमची झाली. पन एक अट हाय. हळदीला खानाची गोष्ट पायजे.’

‘अवश्य! मी अगदी पहिल्यापासून...’ हे सरसावले.

‘तुमी न्हाई. ह्या बाई सांगतील. तुमचं आपलं सन आन् तारखा. मधी बोलायचं न्हाई.’

ह्यांचं तोंड मी तेव्हा बघितलं, आणि चौतीस वर्षांचं सगळं व्याजासकट फिटलं.

संध्याकाळी मी बशा विसळत होते. हे शेजारी फडकं घेऊन उभे. बराच वेळ एकच बशी पुसत होते.

‘नीरजा, तीन हे तुला माहीत होतं ना?’

‘मला झोपेत विचारलंत तरी तीनच सांगेन.’

‘मग चार का म्हणालीस?’

‘तुम्ही चूक सहन करणार नाही, हे माहीत होतं म्हणून. कलम चारमध्ये चूक दुरुस्त करायला बंदी कुठे होती?’

त्यांनी बशी ठेवली, माझ्याकडे बघितलं, आणि इतके हसले की खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघितलं असेल. मग डोळे पुसत कपाटातून कोरा कागद घेऊन आले. हळदीसाठी नवा तह.

‘बारा विषय तरी राख मला,’ म्हणाले. ‘बारा.’

मी हात पुसले, कागद ओढून घेतला, या वेळी खाली आधीच काही बारीक अक्षर नाही ना ते तपासलं, आणि लिहिलं: बोटं मोजायचं काम तेवढं तुमचं.