वजडीसमोर म्हटलेली कविता

केजच्या आमच्या कॉलेजात स्कॉटलंडचे एक म्हातारे प्रोफेसर पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्याकडच्या लाडक्या कवीचा जन्मदिवस तिकडच्या रिवाजाप्रमाणे जेवण करून साजरा करायचं ठरलं, आणि स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. कृती वाचून मला घामच फुटला. मेंढीचं काळीज, फुप्फुस बारीक करून ओट्सबरोबर तिच्याच पोटात भरायचं आणि उकडायचं. म्हणजे आमची वजडीच की! मेंढपाळाच्या घरातली ही वजडी मी स्टाफरूममध्ये डबा उघडताना वर्षानुवर्षं खिमा म्हणून खपवली होती.

आईला कसलंच टेन्शन नव्हतं. “ओट न्हाईत तर जोंधळ्याची भरड घालू,” म्हणाली, आणि भरलेलं पोट तिनं दाभण-सुतळीनं पोत्यासारखं शिवून टाकलं.

संध्याकाळी कॉलेजात आई ताट घेऊन आली तसे पाहुणे उभे राहिले. हात पसरून त्यांनी त्या उकडलेल्या पोटासमोर आपल्या कवीची अख्खी कविता म्हटली, मगच सुरी लावली. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दोनदा मागून खाल्लं.

“काय म्हनत व्हते रे ते?” आईनं हळूच विचारलं.

“वजडीचं कौतुक करत होते.”

“मग तू कावून खिमा म्हनतूस?”

तिला हे माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. मला हसूच फुटलं. कितीतरी वर्षांनी छाती मोकळी झाली.

“आई,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मला अजून वजडी वाढ.”