टेंगळांची वही

काकूंचे काका कोण, हे आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. ते फार पूर्वी दुसऱ्या गावी नोकरीला गेले आणि तिकडचेच झाले, एवढंच कानावर होतं. इकडे उरल्या दोन खोल्या आणि काकू. समोरच्या घरातल्या बाईला कारखान्यात काम लागलं, तेव्हा तिने आपलं सहा महिन्यांचं मूल काकूंच्या हातात दिलं आणि धावतच गेली. पाळणाघर सुरू झालं ते असं. अर्ज नाही, तपासणी नाही, फीत कापणं तर नाहीच.

मी त्यांना काकू म्हणतो ते माझ्या लेकीचं ऐकून. लेक दहा महिन्यांची असल्यापासून शाळेत जाईपर्यंत त्यांच्याकडे असायची. तिथे आईवडिलांना स्वतःचं नाव नसे. मी अमकीचा 'बाबा' होतो. अठ्ठावीस वर्षांनी लेकीची मुलगीही तिथेच जाऊ लागली आणि काकूंनी मला आपोआप 'आजोबा' केलं. एवढी एकच बढती मला वेळेवर मिळाली. बालकल्याण खात्यात मी कारकून म्हणून लागलो आणि तिथेच, त्याच खिडकीशेजारी, केस पांढरे केले.

बाहेरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड सतरंजी. खिडकीला खालपासून लाकडी पट्ट्या मारलेल्या. दाराची कडी इतकी उंच, की काकूंनाही टाचा उचलाव्या लागत. भिंतीवर नऊ खुंट्या आणि त्यांवर नऊ पिशव्या. दहावं मूल त्या कधी घेत नसत. लोक हातापाया पडले, ओळखी सांगितल्या, तरी नाही. "नऊ जण कुठं आहेत ते मला न बघता कळतं," त्या म्हणायच्या. "दहाव्याला मोजावं लागतं." बाहेरच्या आणि आतल्या खोलीच्या मधे एक पायरी होती. तिच्यावर जुनी गोधडी गुंडाळून दोरीने बांधली होती, तरी पोरं पडायची ती तिथेच.

आणि वही. संध्याकाळी मूल घ्यायला गेलं की काकू आधी वही उघडत. मूल समोर दिसतंय, हात पसरून येऊ बघतंय, पण वाचन झाल्याशिवाय मिळायचं नाही. "दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. पायरीवरून पडली. कपाळावर डावीकडे वाटाण्याएवढं टेंगूळ. दोन मिनिटं रडली, मग केळं खाल्लं. मी तेव्हा दुधाकडे बघत होते. चूक माझी." हे सगळं त्या कोर्टात वाचावं तसं वाचत आणि मग सहीला पेन पुढे करत. मापं ठरलेली होती: मोहरी, वाटाणा, बोर, लिंबू. शेवटचे दोन शब्द प्रत्येक नोंदीत असत, मग पोराने स्वतःच्याच डोक्यात चमचा का मारून घेतला असेना. आम्ही आईबाप या टेंगळांच्या वहीला हसायचो. मी तर एकदा म्हणालो होतो, "काकू, आमच्या ऑफिसात या, तिथं चूक कुणाचीच नसते." त्या हसल्या नाहीत.

गेल्या वर्षी दूरच्या एका शहरात एका पाळणाघरात नको ते घडलं. दोन लेकरं गेली. मग सरकारने पाळणाघरं उघडण्याचे आणि चालवण्याचे सगळे नियम पुन्हा तपासायला घेतले, समिती नेमली, हरकती आणि सूचना मागवल्या. जुने नियम दीड पानात मावत होते. नव्या मसुद्यात बासष्ट कलमं होती. ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. बाहेर पडायला दुसरी वाट हवी, आग विझवायचं नळकांडं हवं, तान्ह्या मुलांमागे माणसं किती हवीत, हे सगळं कुणीतरी केव्हाच लिहायला हवं होतं. काकूंनी मसुदा चष्मा लावून दोनदा वाचला, मागचं बंद दार उघडून घेतलं, नळकांडं टांगलं आणि मदतीला एक बाई ठेवली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "मी आजारी पडले तर काय, याची मला नेहमी धास्ती असायची."

मग समितीने प्रत्येक पाळणाघराकडून मागच्या पाच वर्षांतल्या अपघातांची माहिती मागवली. ते पत्र माझ्याच टेबलावरून गेलं. आणि इथे मी शहाणपणा केला. काकूंकडे जाऊन मी म्हणालो, "वह्या द्या. पाच वर्षांच्या सगळ्या. तुमच्यासारखी नोंद अख्ख्या जिल्ह्यात कुणी ठेवली नसेल. समितीला कळू दे पाळणाघर कसं चालवतात ते."

काकूंनी विचारलं, "त्या कुणी वाचेल का पण?"

"म्हणजे काय? त्यासाठीच तर मागवल्यात."

अकरा वह्या मी स्वतः पिशवीत घालून आणल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात दुसऱ्याचा होता.

समितीला वह्या नको होत्या, तक्ता हवा होता. पाळणाघराचं नाव, मुलांची संख्या, अपघातांची संख्या. साहेबांनी ते काम मला दिलं. एकतीस पाळणाघरांची उत्तरं आली होती. पहिल्याने लिहिलं होतं 'निरंक'. दुसऱ्याने निरंक. एका ठिकाणी सत्तर मुलं होती. तिथेही पाच वर्षांत कुणाचा गुडघा खरचटला नव्हता. तीस निरंक लिहून झाल्यावर मी काकूंच्या वह्या उघडल्या आणि मोजायला बसलो. एकशे त्रेचाळीस. त्यातली चार टेंगळं माझ्या नातीची होती आणि चारही नोंदींखाली माझी सही होती.

मी तक्ता घेऊन साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आकडा दोनदा पाहिला. मी म्हणालो, "साहेब, यांनी लिहून ठेवलंय म्हणून दिसतंय. बाकीच्यांनी लिहिलंच नाही."

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. कागदाला कसं ठाऊक होणार? टिप्पणी जोडा खाली."

शेजारच्या टेबलावरचा माझा दोस्त हे ऐकत होता. चहाला बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "अरे, बारीकसारीक टेंगळं कशाला धरतोस? मसुद्यात दहाची मर्यादा घालणार आहेत असं ऐकलंय. दहाच्या वर नोंदी असल्या तर परवाना नाही. रक्त आलं तेवढेच धर."

रक्त आलेले नऊ होते. मी त्या संध्याकाळी तसाच काकूंकडे गेलो. मुलं गेली होती. काकू गुडघ्यांवर बसून सतरंजी पुसत होत्या. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मर्यादा दहाची, आकडा एकशे त्रेचाळीस, आणि हिशेबात नऊ कसे बसवता येतील तेही.

"तुमच्या नातीची चार त्यात धरलीत?"

"नाही. ती बारीक होती."

"म्हणजे ती पडलीच नाही?"

"तसं नाही, काकू. फक्त तक्त्यापुरतं."

त्यांनी फडकं बादलीत पिळलं. बराच वेळ पिळत राहिल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. समोरच्या बाईचं ते पहिलं मूल दुपारी पलंगावरून पडलं होतं. जरासं रडलं आणि मिनिटाभरात हसायला लागलं. बाईची नोकरी नवी होती, घरात सासू आधीच नाराज होती. कशाला सांगायचं, म्हणून काकू गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी आईला पुन्हा पुन्हा विचारलं, पडलं होतं का? आईने शपथेवर सांगितलं, नाही. दोन दिवस डॉक्टर भलतंच शोधत राहिले. तिसऱ्या दिवशी काकू दवाखान्यात गेल्या आणि खरं बोलल्या.

"पोर वाचलं," त्या म्हणाल्या. "उजवा हात मात्र कायमचा अधू राहिला. ती माणसं घर सोडून गेली. मला एक शब्द बोलली नाहीत. त्याच दिवशी मी वही आणली."

त्यांनी बादली बाजूला सारली.

"एकशे त्रेचाळीसच लिहा, आजोबा. आणि टिप्पणी चांगली लिहा. तुमचं अक्षर बरं आहे."

टिप्पणी मी दीड पान लिहिली. आयुष्यात इतकं जीव ओतून सरकारी कागदावर काही लिहिलं नव्हतं. ती तक्त्याखाली टाचली आणि मनाला सांगितलं, वाचतील.

सुनावणीला काकू इस्त्रीची साडी नेसून आल्या. मी भिंतीशी फायली घेऊन उभा होतो. अध्यक्षबाईंसमोर तक्ता होता. टिप्पणी त्याच्याखाली होती आणि तशीच राहिली.

"एकशे त्रेचाळीस अपघात?"

"हो, बाई. सगळे लिहिलेत."

"बाकी तीस ठिकाणी एकही नाही."

काकू खरोखरच विचारात पडल्या. "मग तिथली मुलं चालायला कुठं शिकतात?"

समितीतला एक जण हसला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांच्यासमोर त्या दोन मेलेल्या लेकरांचा अहवालही होता आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. पण 'मॅडम, खालचं पान वाचा' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? चार शब्द. मी फायली धरून उभा राहिलो. पस्तीस वर्षं सुनावणीत विचारल्याशिवाय बोललो नव्हतो, त्या दिवशीही बोललो नाही.

नियम तीन महिन्यांनी लागू झाले. मर्यादा दहाचीच राहिली. काकूंना आलेलं पत्र माझ्या टेबलावरून गेलं नाही. साहेबांनी ते दुसऱ्याकडून लिहून घेतलं. ती त्यांची माया होती असं मी धरून चालतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं दोस्त म्हणाला. मी त्याला म्हणालो, आता ते बोलून काय उपयोग.

शेवटच्या दिवशी काकूंनी नेहमीसारखं वाचन केलं. एका मुलाचं बोट डब्याच्या झाकणात आलं होतं, मोहरीएवढा लाल डाग. त्याच्या आईला सही करताना रडू आवरेना. एकेक पिशवी खुंटीवरून उतरत गेली. माझी नात निघताना रोजच्यासारखी हात हलवत गेली. उद्या यायचं नाही हे तिला कोण सांगणार. मला काकू एका शब्दाने लागेल असं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी अकरा वह्या परत नेऊन दिल्या तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "वाचल्या का कुणी?"

"मी वाचल्या," मी म्हणालो.

नात नव्या ठिकाणी जाऊ लागली. रंगीत फरशी, कॅमेरे, दारावर चकचकीत परवाना. तिथे मूल ताबडतोब हातात मिळतं. गणवेशातली मुलगी गोड हसून म्हणते, "सगळं छान." दोन महिने मीही "छान" म्हणून घरी येत होतो.

परवा संध्याकाळी नातीला घेतलं, टोपी काढली, तर डाव्या भुवईच्या वर लिंबाएवढं टेंगूळ. निळं पडलेलं. मी तसाच मागे वळलो.

"हे कसं झालं?"

गणवेशातल्या मुलीने पाहिलं. "इथं नाही झालं काही, आजोबा. आमच्याकडे तशी नोंद नाही."

मी नातीला उचलून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत दिवा टाकला, हातपाय हलवून पाहिले आणि विचारलं, "कधी पडली?"

सकाळी की आत्ता? पायरीवरून, टेबलावरून, कुणाच्या हातातून? लगेच रडली की आधी गप्प झाली? मला काहीच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी ठीक दिसतंय, रात्रभर लक्ष ठेवा, उलटी झाली तर लगेच घेऊन या.

घरी जाताना पाय काकूंच्या दाराशी थांबले. त्यांनी टाच उचलून कडी काढली. खोलीत सतरंजी नव्हती, खुंट्या रिकाम्या होत्या. नातीने त्यांच्याकडे झेप घेतली. काकूंनी दोन बोटांनी टेंगूळ चाचपलं, तिला खाली ठेवलं, आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. अर्धी कोरी असलेली, शेवटची.

"वेळ?"

"माहीत नाही."

"कशावरून पडली?"

"माहीत नाही, काकू."

त्यांनी दोन्ही ठिकाणी 'माहीत नाही' असं लिहिलं. मग जागा लिहिली, माप लिहिलं, डॉक्टर काय म्हणाले ते लिहिलं. आणि पेन थांबलं. पुढचे दोन शब्द त्यांनी आजवर कधी कुणाला विचारून लिहिले नव्हते.

"माझी लिहा," मी म्हणालो.

काकूंनी वही माझ्याकडे वळवली. "तुम्हीच लिहा."

मी 'चूक माझी' असं लिहिलं आणि खाली सही केली. तोवर नात पायरीवर चढून उभी राहिली होती, आणि काकूंनी न बघताच तिच्या पाठीमागे हात धरला होता.